दहाव्याच्या आधी कागद



माणूस गेला की पहिल्या दिवशी गाव गोळा होते. तिसऱ्या दिवशी रक्षा सावडतात. दहाव्याला कावळा शिवतो की नाही ते पाहतात. तेराव्याचे जेवण झाले की पाहुणे आपापल्या गाडीने परत जातात. चौदाव्या दिवशी घरात उरतात ती विधवा, दोन लेकरे, म्हातारी आई आणि सोसायटीचे कर्ज. आणि नेमका त्याच दिवशी कोणीतरी विचारतो, "वहिनी, कागद काही केलेत का?"

तोवर उशीर झालेला असतो. औषधाचा डबा ओढ्यात फेकलेला असतो. तुटलेली वीजवाहिनी वायरमनने जोडून टाकलेली असते. मळणी यंत्र दुसऱ्या गावच्या खळ्यावर गेलेले असते. ज्याच्या शेतावर माणूस मेला त्याने पंचांसमोर चाळीस-पन्नास हजार देऊन 'आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही' असे लिहून घेतलेले असते. मग आपण म्हणतो, नशीब. आमचे म्हणणे असे की यात नशिबाचा वाटा कमी आणि कागदाचा जास्त आहे.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या कोरडवाहू तालुक्यांत दर हंगामाला माणसे मरतात. कोणी फवारताना, कोणी विहिरीचे काम करताना, कोणी मोटार चालू करायला गेल्यावर, कोणी उसाच्या ट्रॅक्टरखाली. या प्रत्येक मरणासाठी कायद्यात काही ना काही तरतूद आहे. पण कायद्याला डोळे नाहीत, त्याला फक्त कागद दिसतो. आणि तो कागद पहिल्या आठ-दहा दिवसांतच तयार होतो. म्हणून या अंकात दुसरे विषय बाजूला ठेवून आम्ही एवढेच लिहीत आहोत.

यवतमाळने शिकवलेले

२०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी आणि शेतमजूर मेले. शेकडो लोक सरकारी दवाखान्यात पडले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती आणि फवारा अंगावर परत येत होता. आधी म्हणाले, मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत, म्हणजे चूक त्यांचीच. पुढे ओरड झाली तेव्हा सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि मृतांच्या वारसांना दोन दोन लाख रुपये जाहीर केले. बहुतेकांच्या लेखी विषय तिथे संपला.

पण काही घरांच्या लेखी तो संपला नाही. २०२१ मध्ये यवतमाळच्या दोन विधवा आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी, अशा तिघांनी सिंजेंटा कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमधील बासेल शहराच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. कंपनीचे मुख्यालय त्या शहरात आहे. दावा 'पोलो' या कीटकनाशकाबद्दलचा. कंपनीने आपली जबाबदारी नाकारलेली आहे, आणि न्याय करणे हे न्यायालयाचे काम आहे. आम्ही हा दाखला देतो तो निकालासाठी नव्हे. यवतमाळच्या कोरडवाहू शेतातली बाई सातासमुद्रापलीकडच्या कोर्टात उभी राहू शकली ती कशाच्या बळावर, हे आपण पाहिले पाहिजे. यवतमाळच्या सरकारी आणि पोलिसांच्या कागदांत त्या औषधाचे नाव नोंदलेले होते. 'कसलेसे औषध मारत होता' एवढेच लिहिले गेले असते तर बासेल सोडाच, यवतमाळच्या कोर्टातही काही चालले नसते.

'विष प्राशन' हे दोन शब्द

मागे एका तालुक्याच्या बैठकीत एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आली. नवरा दुसऱ्याच्या द्राक्षबागेत फवारणीला जात असे. संध्याकाळी घरी आला, तोंडातून लाळ, डोळ्यांपुढे अंधार. आधी गावातला डॉक्टर, मग तालुका, मग जिल्हा, आणि तिसऱ्या दिवशी खेळ संपला. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर कोणीतरी घाईत लिहिले होते, 'विष प्राशन'. प्राशन म्हणजे पिणे. त्या दोन शब्दांनी तिचा नवरा फवारताना मेलेला मजूर राहिला नाही, आत्महत्या केलेला माणूस झाला. अपघाताची योजना बंद, मालकाचे हात वर. त्यात बागवाल्याने दिलेले थोडे पैसे आणि अंगठा घेतलेला स्टॅम्प.

भावांनो, दवाखान्यात माणूस नेला की डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा: "सकाळपासून अमुक औषध फवारत होता." डबा आणि त्याबरोबरचे पत्रक सोबत न्या. उताऱ्यासाठी डॉक्टरलाही ते लागते. त्यावर उपायाचे नाव छापलेले असते. म्हणजे तोच डबा आधी जीव वाचवायला कामी येतो आणि जीव वाचला नाही तर हक्क वाचवायला. केस पेपरवर काय लिहिले ते शिकलेल्या पोराकडून तिथेच वाचून घ्या. चुकीचे असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वर्षाने दिलेला अर्ज म्हणजे वरातीमागून घोडे.

शवविच्छेदन नको, देहाची विटंबना नको, असे म्हातारी माणसे म्हणतात. त्यांचे दुःख आम्हाला कळते. पण विषबाधा, सर्पदंश, विजेचा धक्का यांचे मरण शवविच्छेदनाशिवाय सिद्ध करणे फार जड जाते. व्हिसेरा प्रयोगशाळेत गेला असेल तर त्याचा अहवाल महिनोन् महिने येत नाही. पोलीस ठाण्यात पाठपुरावा केला नाही तर तो फायलीतच पडून राहतो. हे काम विधवेवर टाकू नका, गावाने एक माणूस नेमावा.

ज्याच्या नावे सातबारा आहे

शेतकऱ्याच्या घरातले मरण असेल तर पहिला दरवाजा सरकारी योजनेचा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना हे तिचे लांबलचक नाव. पूर्वी ही विमा योजना होती आणि विमा कंपन्या काना-मात्रा काढून दावे परत पाठवत. २०२३ पासून ती सरकारी अनुदानाची योजना झाली. अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये. दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तरी दोन लाख, एक गेला तर एक लाख. वय १० ते ७५. रस्त्याचा अपघात, पाण्यात बुडणे, विजेचा धक्का, अंगावर वीज पडणे, सर्पदंश, विंचूदंश, उंचावरून पडणे, कीटकनाशकाची विषबाधा, एवढे सगळे तिच्यात बसते. आत्महत्या आणि नैसर्गिक मृत्यू बसत नाहीत.

सातबारावर नाव असलेला शेतकरी तर यात येतोच, शिवाय त्याच्या कुटुंबातील आणखी एक माणूस येतो. म्हणजे सातबारावर नाव नसलेली घरधनीण किंवा मुलगाही. हे पुष्कळांना ठाऊक नसते. "बाईच्या नावावर जमीन नाही, तिचे कसले अनुदान?" असे चावडीवर सांगितले जाते, ते खरे मानू नका.

प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा, घटनेपासून ३० दिवसांच्या आत. सातबारा, वारसाची नोंद, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल. यातला एखादा कागद यायचा असेल तरी प्रस्ताव अडवून धरू नका. आहे तेवढा द्या आणि राहिलेला मागून देतो असे लिहून पोच घ्या. ३० दिवसांतले १३ तर सुतकातच जातात, हे लक्षात ठेवा.

ज्याच्या नावे सातबारा नाही

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. यवतमाळात मेलेल्यांत मजूरही होते, आणि आपल्याकडेही फवारणीचा पंप पुष्कळदा भूमिहीनाच्या पाठीवर असतो. त्याला ही योजना लागू नाही. मग त्याच्या घराला काय?

त्याच्यासाठी कायदा आहे आणि तो आजचा नव्हे, १९२३ चा आहे. कामावर असताना, कामामुळे माणूस मेला, अपंग झाला किंवा कामाचा रोग जडला तर मालकाने भरपाई द्यायची. यात मालकाची चूक दाखवावी लागत नाही. काम होते आणि कामातून मरण आले, एवढे दाखवले की पुरे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामील झाला. नाव बदलले, गाभा तोच राहिला.

पुष्कळांना वाटते हा कायदा गिरणी-कारखान्यांचा. तसे नाही. त्याच्या यादीत शेतीची कामेही लिहिलेली आहेत: कीटकनाशकांची फवारणी आणि धुरळणी, यंत्राने कापणी व मळणी, ट्रॅक्टर चालवणे व दुरुस्त करणे, विहीर खणणे, बोअर मारणे, विहीर खोल करणे, पाणी उपसायच्या यंत्रावरचे काम. रोजंदारीचा माणूसही यात येतो. मस्टर नव्हते, हजेरी नव्हती, म्हणून दावा बुडत नाही. मात्र तो त्या दिवशी कोणाच्या कामावर होता हे सांगणारे दोन साक्षीदार हवेत. आणि साक्षीदार दहाव्याला जेवढे खरे बोलतो तेवढे दोन वर्षांनी बोलत नाही.

रक्कम किती? मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम घ्यायची आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायची. वय जितके कमी तितका आकडा मोठा. पस्तीस वर्षांच्या माणसाचा आकडा १९७.०६ आहे. त्याची मजुरी महिना १०,४०० रुपये धरली गेली, तर निम्मे ५,२००, आणि भरपाई होते १० लाख २४ हजार ७१२ रुपये. पंचांसमोर मोजलेले पन्नास हजार आणि हा आकडा शेजारी शेजारी लिहा आणि मोठ्याने वाचा.

आणखी तीन गोष्टी या कायद्यात आहेत. प्रत्येक गावात त्या ठाऊक असायला हव्यात.

पहिली, मृत्यूची भरपाई मालकाने घरच्यांच्या हातात द्यायची नाही. ती अधिकाऱ्याकडे जमा करायची आणि तिथून वारसांना मिळते. हातात दिलेले पैसे कायद्याच्या हिशेबाने भरपाई ठरत नाहीत. तीन महिन्यांच्या मजुरीइतकी उचल तेवढी वळती होते. म्हणून 'सगळे मिटले' असा स्टॅम्प केला असला तरी वाट बंद झालेली नाही. कायद्यातला हक्क करार करून सोडता येत नाही.

दुसरी, 'तो प्यायला होता', 'त्याने मास्क लावला नाही', 'सांगूनही ऐकले नाही' ही कारणे मालक नेहमी पुढे करतो. माणूस मेला असेल, किंवा जन्माचा पूर्ण अपंग झाला असेल, तर कामातून आलेल्या अपघातात ही कारणे मालकाला सोडवत नाहीत.

तिसरी, दावा मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत करायचा. उशिराचे सबळ कारण असेल तर अधिकारी उशीर माफ करू शकतो, पण माफी ही मेहेरबानी आहे, तिच्यावर विसंबू नका. मालकाने एक महिन्यात पैसे भरले नाहीत तर व्याज लागते आणि वर दंडही होऊ शकतो.

ती प्लास्टिकची पिशवीवाली बाई आमच्याकडे आली तेव्हा दोन वर्षांवर तीन महिने झाले होते. उशीर माफ करण्याचा अर्ज लिहून दिला आहे. पुढे काय होते ते पाहायचे. हेच काम तीन महिने आधी झाले असते तर तिला कोणाच्या माफीची गरज नव्हती.

मालक कोण? आपणच

इथे आम्हाला एक कडू गोष्ट बोलायची आहे. शेतकऱ्यांच्या पत्रकात ती बोलली नाही तर दुसरे कोण बोलणार?

फवारणीला माणूस लावणारा मालक पुष्कळ वेळा आपल्यातलाच असतो. पाच एकर कपाशी, दोन एकर डाळिंब, डोक्यावर कर्ज. त्याच्यावर दहा लाखांचा दावा आला तर तो कुठून देणार? आम्हाला लोक विचारतात, हे सांगून तुम्ही शेतकऱ्यालाच गोत्यात घालता काय? आमचे उत्तर असे. ऊस तोडायला आपलीच माणसे कराड-वाळव्याकडे, फलटणकडे जातात तेव्हा आपण मजूर असतो. आपल्या खळ्यावर दुसरा आला की आपण मालक असतो. तिकडे आपल्या माणसाचा जीव महाग आणि इकडे दुसऱ्याच्या माणसाचा स्वस्त, असा न्याय मागता येत नाही. आपल्या मालाला भाव मागणाऱ्याने दुसऱ्याच्या जिवाचा भाव पाडू नये.

म्हणून उपाय दावा दडपण्यात नाही, आधीच तजवीज करण्यात आहे. मालकावरच्या या जबाबदारीचा विमा विमा कंपन्यांकडे मिळतो. एकट्या शेतकऱ्याला तो झेपत नसेल तर सोसायटी किंवा शेतकरी गटामार्फत एकत्र उतरवण्याची चौकशी करावी. औषधाबरोबर हातमोजे, तोंडाला बांधायचे साहित्य, साबण आणि पाणी द्यावे. वारे फिरले की पंप खाली ठेवू द्यावा. आणि पैऱ्याने कामे करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की पैऱ्याने आलेला माणूस मजूर ठरवणे अवघड असते. त्याच्या घराला बहुधा सरकारी योजनेचाच आधार राहतो, म्हणून त्याचे कागद अधिक जपा.

ऊसतोडीवरचा माणूस मेला तर मुकादम म्हणतो कारखान्याकडे जा आणि कारखाना म्हणतो मुकादमाकडे जा. दावा दोघांवर लावावा. ठेकेदारामार्फत काम करून घेतले तरी मूळ मालकाला त्यात ओढता येते. आणि कोर्टासाठी परजिल्ह्यात खेपा घालायची गरज नाही. वारस जिथे राहतात तिथेही हा दावा करता येतो.

तार आणि ट्रॅक्टर

विजेने माणूस मेला की पहिला संशय त्याच्यावरच घेतला जातो: आकडा टाकला असेल. मध्य प्रदेशात रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने एक सायकलस्वार मेला होता. वीज मंडळाने बचाव केला की तार दुसऱ्याच कोणी चोरून ओढली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तो बचाव फेटाळला. इतका धोक्याचा धंदा करणाऱ्याने वीज बाहेर निसटू न देण्याची जबाबदारी घेतलीच पाहिजे, त्याची चूक सिद्ध करायची गरज नाही, असे न्यायालयाने सांगितले. लोंबकळणाऱ्या तारा ज्यांच्या शेतावरून जातात त्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा. अपघात होताच महावितरणला आणि विद्युत निरीक्षकाला लेखी कळवा. चौकशी करणे हे निरीक्षकाचे काम आहे आणि पुढे त्याचाच अहवाल बोलतो. तार जोडण्याआधी फोटो काढा. ती आधीपासून लोंबत होती आणि आपण तक्रार केली होती, याचा जुना कागद असेल तर त्याचे मोल मोठे. म्हणून तक्रार तोंडी करू नका. दिवाणी दाव्याची मुदत इथेही मृत्यूपासून दोन वर्षे आहे.

वाहनाने मेला असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. यातही आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणात जाता येते. २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. ती पाळा. टळली असेल तरी वकिलाला विचारल्याशिवाय दावा सोडू नका. ट्रॉलीत बसून जाणाऱ्या माणसांबद्दल मात्र विमा कंपनी नेहमी हात वर करते, कारण ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉलीतले प्रवासी धरलेले नसतात. त्यामुळे मालकावर हुकूम होतो आणि वसुली रखडते. लग्नाला, बाजाराला, तोडीला ट्रॉली भरून नेणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मरणारी बाई असेल तर 'ती कमवत नव्हती' हे ऐकून घेऊ नका. घरात राबणाऱ्या बाईच्या कामालाही पैशात किंमत आहे आणि ती धरून भरपाई ठरवली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा सांगितले आहे.

हळूहळू मारणारे काम

सगळी मरणे एका दिवसात येत नाहीत. खानापूर-आटपाडीकडचे गलाई बांधव सोने-चांदी गाळायला देशभर गेले. तेजाबाचा धूर वर्षानुवर्षे छातीत घेतला आणि खोकत गावी परतले. सूतगिरणीत कापसाची धूळ, साखर कारखान्यात बगॅसची धूळ, दगडखाणीत आणि क्रशरवर दगडाची धूळ. हे रोग कायद्याच्या यादीत आहेत: तेजाबातून निघणाऱ्या नायट्रस वायूची विषबाधा, शिशाची विषबाधा, ऑर्गनोफॉस्फरस औषधांची विषबाधा, कापसाच्या, बगॅसच्या आणि सिलिकाच्या धुळीने होणारे फुप्फुसाचे रोग. अशा रोगाला कायदा कामावरचा अपघात मानतो.

पण डॉक्टर कागदावर 'दमा' किंवा 'टीबी' लिहितो आणि रोगी काय काम करत होता हे कोणी लिहीत नाही. म्हणून रोग्याने स्वतः सांगावे, "मी इतकी वर्षे अमुक काम केले," आणि ते लिहून घ्यावे. कामाच्या ठिकाणची पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र, बँकेचे पुस्तक, बरोबर काम केलेल्यांची नावे, हे सगळे सांभाळावे. मध्य प्रदेशातले मजूर गुजरातेत गारगोटी दळायच्या कारखान्यांत गेले आणि सिलिकाने मेले. अशा २३८ मृतांच्या घरांना तीन तीन लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. ही माणसेही दुष्काळी मुलखातून परमुलखात पोट भरायला गेलेली होती, आपल्यासारखीच.

वकिलाचे पैसे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत. बांधाच्या भांडणापुरते ते खरे आहे. पण कर्ता गेल्यावर विधवा पायरी चढली नाही, तर शहाणपण ज्याने जीव घेतला त्याचे ठरते.

कोर्टाला पैसे लागतात, हे भय मोठे आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला फुकट वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग माणसालाही तसाच. साताऱ्याला आणि सांगलीला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तालुक्याच्या कोर्टात त्याची समिती. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते. भरपाईचा दावा आपल्या भागात कोणत्या कोर्टात चालतो हे तिथेच कळेल.

मात्र दोन ठिकाणी सावध राहा. दवाखान्याच्या दारात उभा राहून 'निम्म्यावर केस घेतो' म्हणणाऱ्याच्या कागदावर सही करू नका. भरपाईतल्या टक्क्यांवर फी ठरवणे वकिलांच्या नियमांनाच धरून नाही. आणि लोकअदालतीत तडजोडीवर सही करण्याआधी आकडा दोनदा मोजा. तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

जिल्हा बैठकीपुढे

या बैठकीत भाषणे होतील, ठरावही होतील. आमची मागणी लहान आहे. प्रत्येक गावाने एक शिकलेला पोरगा किंवा पोरगी या कामाला नेमावी. माणूस दगावला की त्याने त्याच दिवशी पोहोचायचे आणि एका पिशवीत हे जमा करायचे: दवाखान्याचा पहिला केस पेपर, पोलिसांच्या नोंदीची प्रत, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, डबा किंवा तारेचा फोटो, दोन साक्षीदारांची नावे आणि कोणाच्या कामावर होता त्याचे नाव. पिशवीवर तीन तारखा मोठ्या अक्षरात लिहायच्या: ३० दिवस, सहा महिने, दोन वर्षे.

गेलेला माणूस परत येत नाही. दहा लाख आले तरी लेकरांच्या डोक्यावरचा हात परत येत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण जिथे जीव फुकट जातो तिथे जीव वाचवायची कोणाला गरज वाटत नाही. एका मजुराच्या मरणाची पूर्ण भरपाई ज्या गावात एकदा भरली गेली, त्या गावात पुढच्या हंगामात हातमोजे आपोआप येतील. जिवंत माणसासाठी हा एवढा फायदा तरी मेलेल्याच्या कागदातून निघावा.

म्हणून पुढच्या वेळी मयताला जाल तेव्हा खांदा द्या, रडा, पाहुण्यांची सोय बघा. आणि परत फिरण्यापूर्वी त्या घराला एवढे विचारा: डबा कुठे आहे?